वायरीवरच्या आठ खुणा

३ फेब्रुवारी

ठकू,

वर 'प्रिय' नाही, ते विसरून राहिलेलं नाही. हे कामाचं पत्र आहे.

पुढच्या महिन्यात मी हे घर सोडते आहे. नवीन जागा दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, माझ्यापुरत्या. तिथे खाली वाहन ठेवायला जागा नाही आणि बाबांची स्कूटर बावीस वर्षं आपल्या जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी आहे. तिला गिऱ्हाईक मिळालं आहे. एक दाताचे डॉक्टर. जुन्या स्कूटरी जमवायचा नाद आहे त्यांना, पाच आधीच दारात उभ्या आहेत म्हणे. लोकांचे जुने दात उपटायचे आणि जुन्या गाड्या जिवापाड जपायच्या, असा माणूस. असो. त्यांना ती चालू हवी आहे, म्हणून मी मिस्त्री लावला आहे.

तुझी सही लागेल. बाबांनी घर माझ्या नावावर केलं, आईचे दागिने तुझ्या नावावर, आणि स्कूटर मात्र दोघींच्या. मला ती चालवता येत नाही, तू तिला हात लावणार नाहीस, तरी दोघींच्या. शेवटी शेवटी त्यांचं डोकं कसं चालत होतं कोण जाणे.

कागदावर पेन्सिलने फुली मारली आहे, तिथे सही कर. फुलीच्या वर नको, खाली नको. परतीच्या पाकिटावर पत्ता लिहून तिकीट लावलं आहे. बाकी काही लिहिण्याची तसदी घेऊ नकोस.

ताई

ता. क. डिकीत तुझा एक हातमोजा सापडला. डाव्या हाताचा. टाकलेला नाही.


१२ फेब्रुवारी

ठकू,

कागद परत आला. सहीची जागा कोरी, आणि टाचणीने लावलेली चिठ्ठी. बावीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच, प्रत्येक शब्दाला मागून कुणी धक्का दिल्यासारखं. 'सही करीन. आधी तुझ्या हाताने एक वाक्य लिहून दे : त्या दिवशी ठकूच्या हातून क्लच सुटला नव्हता.'

मी चिठ्ठी तीनदा वाचली आणि तीनदा घडी घालून ठेवली. मग स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून पुसले.

बाई गं, मी तेहेतीस वर्षं वजनमापं तपासली आहेत. पारड्याखाली मेण चिकटवणारे पाहिले, मापाला आतून पोचा पाडणारे पाहिले, समोर बसून रडणारेही पाहिले. कुणाच्या रडण्यासाठी मी दाखला दिला नाही. व्यापारी मला पाठीमागे काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे, पण माझ्या सहीचा एक दाखला खोटा निघाला असं म्हणायची त्यांच्यात कुणाची छाती नव्हती. आणि आता पेन्शनीत निघाल्यावर मी तुला हवा तो दाखला लिहून देऊ, का, तर जुनी स्कूटर विकायची आहे म्हणून?

घडलं ते पुन्हा लिहिते. तुम्ही दोघं चौकात थांबला होतात, समोरून ट्रक चालला होता. पहिला गिअर टाकलेला, क्लच तुझ्या डाव्या हातात, मागे बाबा. तू काहीतरी सांगत होतीस आणि बाबा हसत होते, हे मला कोपऱ्यावरच्या घड्याळजींनी सांगितलं. स्कूटरने एकदम पुढे उडी घेतली, बाबा मागच्या मागे पडले, त्यांचा खुबा मोडला. क्लच दाबून धरला असेल तर स्कूटर उडी घेत नाही. यंत्राला लहर येत नाही. म्हणजे क्लच सुटला, आणि तो ज्या हातात होता तो हात तुझा होता. यात अन्याय कुठे आहे तो मला दाखव.

शिवाय त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकांनी माझ्यादेखत तपासणी केली होती. गिअर टाकून, क्लच दाबून स्कूटर ढकलली, ती सरकली. क्लच सोडून ढकलली, जागची हलली नाही. म्हणजे क्लच ठीक होता. काका आज असते तर त्यांनी तुला तोंडावर सांगितलं असतं.

मिस्त्रीचं काम चालू आहे. माणूस सत्तरीचा, स्वतःचं स्टूल घेऊन येतो आणि माझ्यापेक्षा स्कूटरशी जास्त बोलतो. काल इंजिन सुरू झालं. जिना धुराने भरला, वरच्या बाई खोकत खाली आल्या, मी त्यांना खोकत वर पाठवलं. मग मिस्त्रीने क्लच दाबून गिअर टाकला तर स्कूटर त्याला घेऊन सरळ भिंतीवर गेली. उतरून त्याने भिंतीला हात लावला, स्कूटरला हात लावला आणि म्हणाला, "बाई, क्लच सोडत नाही."

त्याने समजावून सांगितलं ते असं : आत चकत्यांची एक चवड असते, एक लोखंडी, एक बुचाचं अस्तर लावलेली, अशा एकाआड एक. क्लच दाबला की त्या सुट्या होतात आणि इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो. उभ्या उभ्या वर्षं गेली की बूच लोखंडाला चिकटून बसतं, पेल्यात पेला अडकतो तसं. बावीस वर्षांचा हा आजार आहे. त्याचा त्या दिवसाशी काही संबंध नाही. हे आधीच सांगून ठेवते.

कागद पुन्हा पाठवते आहे. सही कर.

ताई


१५ फेब्रुवारी

ठकू,

तुझं उत्तर यायला अजून दोन दिवस आहेत. मी वाट पाहत नाहीये. घरातलं सामान बांधायला काढलं आहे, पण हातात घेतलेली वस्तू कुठल्या खोक्यात टाकायची तेच ठरत नाही. मग ती पुन्हा जागेवर ठेवते. म्हटलं, त्यापेक्षा पत्र लिहावं.

मिस्त्रीने दोन दिवस चकत्या सोडवायचा खटाटोप केला. इंजिन तापवलं, गिअर टाकून, क्लच बांधून ठेवून स्कूटर पुढे-मागे हिसकली, तेल बदललं. हूं नाही की चूं नाही. आता क्लच उघडावा लागेल म्हणाला. त्याआधी स्टुलावर बसून त्याने हँडलवरचा क्लचचा दांडा दोन बोटांनी हलवून पाहिला, मग खाली वाकून त्या दांड्याच्या वायरीचं टोक पाहिलं, आणि मला विचारलं, "ही गाडी सांभाळत कोण होतं?"

मी म्हटलं, "मी."

"चालवायचं कोण?"

"माझी धाकटी बहीण."

"हां," म्हणाला. नुसतं हां. मला असा माणूस आवडत नाही. बोलायचं तर पुरतं बोलावं.

मी सांभाळत होते यात लपवण्यासारखं काय आहे? बाबांची नजर कमी झाली, तू त्यांना मागे बसवून हिंडायला लागलीस. मला चालवायला जमली नाही. एकदा प्रयत्न केला होता, तू फाटकाला टेकून हसत होतीस. तर म्हटलं, चालवायचं काम हिचं, निगा राखायचं माझं. पुस्तिका मी अथपासून इतिपर्यंत वाचली होती. रविवारी सकाळी जुनी साडी नेसून, पाना घेऊन मी जिन्याखाली बसायची. चाकांतली हवा, प्लगची फट, तेलाची पातळी, सगळं वहीत. तुला ते हसू यायचं. 'मोजपट्टी बसली गं कामाला,' असं तू वरून ओरडायचीस, सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल असं.

क्लचच्या दांड्यात थोडी ढिलाई होती. बोट लावलं की सुरुवातीला तो नुसताच हलायचा, मग वायर ओढली जायची. मला ती ढिलाई बघवत नसे. शाळेत आम्हाला शिवण शिकवायला जी नन होती ती सैल टाका दिसला की अख्खी शीव उसवायला लावायची, बोटं दुखेपर्यंत. तुला त्या शाळेत घालेपर्यंत ती गेली होती, म्हणून तू अशी राहिलीस. मी वायर थोडी ओढून स्क्रू घट्ट केला. पुढच्या रविवारी पाहते तर ढिलाई परत हजर. पुन्हा ओढली. वायर नवी असली की ताणते, असं मला वाटलं. आजही वाटतं.

बाबा वरून वाकून म्हणाले होते, "थोडी सैल राहू दे गं. लागते ती." मी म्हटलं, किती सैल, आकडा सांगा. त्यांना सांगता आला नाही. पुस्तिकेत तो आकडा असणार. पण त्या पानावर तेल सांडून दोन पानं चिकटली होती, आणि मी ती सोडवली नाहीत. आता अथपासून इतिपर्यंत वाचली असं वर लिहून बसले आहे, ते तसंच राहू देते.

तूही तक्रार केली होतीस म्हणा. चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे जात नाही, दांडा फार कडक झाला आहे, असं काहीतरी. मी म्हटलं, तुझे हात नाजूक आहेत.

उद्या मिस्त्री क्लच उघडणार. मी समोर बसणार आहे.

ताई


१६ फेब्रुवारी

मिस्त्रीला मी काढून टाकलं.

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि मग पेटीच्या तोंडात हात जातो का ते पाहिलं. मनगटापर्यंत जातो. समोरचा शिंपी बघत होता, म्हणून सरळ निघून आले.

आज दहाला मिस्त्री आला. झाकण काढलं. आतलं तेल त्याने थाळीत घेतलं आणि थाळी उन्हात तिरकी धरली. तेलात सोनेरी कोंडा चमकत होता. बोटाने चोळून त्याने माझ्यापुढे धरला. म्हणाला, पितळ आहे.

चकत्या खरोखरच एकमेकींना चिकटल्या होत्या. त्याने पातळ सुरी घालून त्या सोडवल्या. मला हायसं वाटलं. म्हटलं, बघा, एवढंच होतं ना? तो म्हणाला, "हे आत्ताचं झालं, बाई. उभं राहून झालेलं. जुनं दुखणं वेगळं आहे."

क्लचच्या तोंडाशी एक पितळी बटण असतं, सदऱ्याच्या बटणापेक्षा जरा मोठं. दांडा दाबला की आतला टेकू या बटणाला रेटतो आणि बटण चकत्यांना रेटतं. आपल्या स्कूटरमध्ये ते बटण नव्हतं. झाकणाच्या कडेला त्याचे दोन तुकडे पडले होते, नखासारखे पातळ, पापुद्रे नुसते. वायरीत ढिलाई नसेल, असं तो म्हणाला, तर टेकू बटणाला कायम चिकटून राहतो. हात दांड्यावर असो नसो, इंजिन चालू आहे तोवर बटण घासत राहतं. घासलं की ढिलाई येते. "तेव्हा ती ढिलाई म्हणजे बटण झिजल्याची खबर असते. आणि कुणीतरी दर वेळी खबर आली की तिचं तोंड बंद केलं."

मग त्याने वायर काढून खिळ्याला टांगली आणि तिच्या टोकाकडे बोट केलं. "इथे खुणा आहेत, बघा. स्क्रूचं टोक रुतल्याच्या. वाचता येतात."

मी म्हटलं, तुम्ही वाचायची गरज नाही. तुम्हाला क्लच दुरुस्त करायला बोलावलं आहे, पंचनामा करायला नाही. उद्यापासून येऊ नका. त्याने हात पुसले, स्टूल उचललं आणि वाद न घालता गेला. हीच त्या माणसाची खोड आहे, वाद घालत नाही.

वायर माझ्या पर्समध्ये आहे. का घेतली ते मला विचारू नकोस. दुपारी चौकापर्यंत चालत गेले आणि परत आले, मग पुन्हा गेले. घड्याळजींचं दुकान आता नाही.

ता.


१८ फेब्रुवारी

ठकू,

तुझी चिठ्ठी आली. कागद पुन्हा कोराच. 'एक वाक्य, ताई.' ताई लिहिलंस. तेवढ्यासाठी मी अर्धी सकाळ खुर्चीवर बसून होते.

दोन दिवस मी वायर पर्समध्ये घेऊन फिरले. भाजी आणायला नेली, पेन्शनच्या दाखल्याला नेली. काल कचऱ्याची गाडी आली तेव्हा पर्स उघडून दारात उभी राहिले. गाडीवरचा माणूस म्हणाला, बाई, टाकायचंय का काही? मी नाही म्हटलं. त्याने घंटा वाजवली आणि गाडी पुढे गेली.

मग घरात येऊन टेबल खिडकीशी ओढलं, पांढरा कागद पसरला, त्यावर वायर सरळ करून दोन्ही टोकांना वजनं ठेवली. कपाटातून व्हर्निअर काढलं, मिलिमीटरचे अंशही मोजणारं. निवृत्त होताना ऑफिसने मला घड्याळ द्यायचं ठरवलं होतं, मी भांडून माझं व्हर्निअर मागून घेतलं होतं. त्याने मी किती लोकांना उघडं पाडलं त्याचा हिशोब नाही.

वायरीवर आठ खुणा आहेत. प्रत्येक ठिकाणी तार चपटी झाली आहे, भिंग लावलं की स्वच्छ दिसतं. पहिली खूण वर्कशॉपची, नवी वायर बसवली तेव्हाची. त्यानंतर सहा खुणा, प्रत्येकीत तीन मिलिमीटरचं अंतर. सव्वातीन नाही, पावणेतीन नाही. तीन. सहा रविवार. कुठल्या गलथान माणसाचं ते काम नाही, ठकू. असं अचूक चुकीचं काम आपल्या घरात एकच जण करू शकत होतं.

आणि मग आठवी खूण. सातवीपासून चौदा मिलिमीटरवर. तिच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही.

बाबांना इस्पितळात ठेवून मी संध्याकाळी घरी आले. लोकांनी स्कूटर आणून जिन्याखाली लावली होती. तू वर होतीस, दार लावून. मी क्लचचा दांडा दाबला. तो हाताला लागलाच नाही. मेलेल्या माणसाच्या हातासारखा, नेला तिकडे गेला. सगळीच्या सगळी ढिलाई. मनाशी म्हटलं, पडल्यामुळे वायर निसटली असेल. पाना काढला, वायर ओढली, दांडा हाताला कडक लागेपर्यंत ओढली. स्क्रू घट्ट केला. हात धुतले. आणि मग काकांना हाक मारली, म्हटलं, काका, जरा क्लच तपासता का? माझ्यादेखत?

मी हाक मारली ती वायर ओढून झाल्यावर. काकांनी तपासलं ते मी दुरुस्त केलेलं होतं. बावीस वर्षं मी ज्या तपासणीचा दाखला देत आले ती अशी झाली होती. एखाद्या व्यापाऱ्याने माझ्या येण्याआधी तराजू ठीक करून ठेवला असता, तर मी त्याचं दुकान बंद केलं असतं.

वर येऊन मी तुझं दार वाजवलं. तू म्हणालीस, "ताई, क्लच माझ्या हातात होता. दाबलेला होता. तरी ती सुटली." आणि मी म्हटलं, "बाबांचा पाय तू मोडलास." हे वाक्य तुला आठवत असणार. मी कधी म्हटलंच नाही असं मी मावशीला सांगितलं होतं. म्हटलं होतं.

तुम्ही चौकात थांबलात, तू क्लच दाबून धरलास, आणि त्या क्षणी आतलं बटण फुटलं. दांडा तुझ्या मुठीत तसाच राहिला आणि चकत्या एकमेकींवर मिटल्या. तू काहीही सोडलं नव्हतंस. घट्ट धरून होतीस म्हणूनच ते कुणाला कळलं नाही.

बाबा खुर्चीत बसायला लागल्यावर, तू घर सोडून गेलीस त्यानंतर, एकदा त्यांनी मला विचारलं, "वायर तू नंतर ओढलीस का गं?" सहज विचारल्यासारखं, पेपरातून मान वर न करता. मी नाही म्हटलं. त्यांनी पान उलटलं. नऊ वर्षं त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, पण मी काठी हातात दिली की माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे. आणि मग स्कूटर दोघींच्या नावावर करून गेले. कुठेही, कधीही, ती विकायची झाली तरी मला तुला एक पत्र टाकावं लागेल, असं. मी पहिल्या पत्रात लिहिलंय ना, त्यांचं डोकं चालत नव्हतं म्हणून. ते माझ्यापेक्षा बरं चालत होतं.

एवढं लिहूनही तुला हवं असलेलं वाक्य मी अजून लिहिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. हात तिथे जाऊन थांबतो. पत्र तसंच टाकते.

ताई


२५ फेब्रुवारी

ठकू,

तुझं उत्तर आलं नाही. मी मोजत नाही म्हणणार होते, पण सात दिवस झाले.

मिस्त्रीला बोलवायला मी स्वतः गेले. छापखान्यामागे त्याची टपरी आहे. म्हटलं, माझं चुकलं, या. तो म्हणाला, कशात चुकलं? मी म्हटलं, वायरीत. त्याने स्टूल उचललं. त्याच्या वाद न घालण्याबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते.

नव्या बुचाच्या चकत्या त्याने रात्रभर तेलात बुडवून ठेवल्या, मग बसवल्या. पितळी बटण नवीन घातलं. मला हातात धरू दिलं आधी. एवढीशी वस्तू, जड लागते. वायर नवी. स्क्रू घट्ट करताना त्याने विचारलं, "ढिलाई किती ठेवू?" मी म्हटलं, तुम्ही सांगा. तो म्हणाला, दोन मिलिमीटर. बाबांना सांगता न आलेला आकडा तो हा. वर येऊन मी पुस्तिकेची ती चिकटलेली पानं वाफेवर धरून सोडवली. तिथेही दोनच आहे, जाड टायपात, खाली रेघ मारलेली.

मग त्याने इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. स्कूटर जागेवर उभी राहिली. थरथरत होती, पण उभी. मिस्त्रीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मी जिन्याच्या पायरीवर बसले. वरच्या बाई धुराची तक्रार करायला खाली आल्या होत्या, त्या माझ्याशेजारी बसल्या. त्या बाईंना मी इतकी वर्षं उगीचच घालूनपाडून बोलले.

दाताच्या डॉक्टरांना कळवलं आहे की सध्या विक्री नाही. सहीचा कागद सोबत आहे, त्यावर मीही सही केलेली नाही. पेन्सिलची फुली खोडली आहे. तुला विकावीशी वाटली तर विकू, न्यावीशी वाटली तर ने. नव्या जागेच्या मालकांशी भांडून मी खाली एका स्कूटरपुरती जागा मिळवली आहे. भांडणं अजून जमतं.

पार्सलात तुझा हातमोजा आहे. तळव्यावर आडवी रेघ पडली आहे, दांडा धरून धरून चामडं गुळगुळीत झालंय तिथे. आणि जुनी वायर आहे. ती मी मुद्दाम पाठवते आहे. माझ्याकडे राहिली तर मी पुन्हा कधीतरी कचऱ्याच्या गाडीपुढे उभी राहीन. आठही खुणांना दोरा बांधला आहे, म्हणजे शोधाव्या लागणार नाहीत. आठवीला लाल दोरा.

तुला हवं होतं एक वाक्य. मला साधं लिहायला जमेना, सात कागद फाडले. शेवटी ज्या तऱ्हेने आयुष्यभर लिहीत आले त्या तऱ्हेने लिहिलं :

'प्रमाणित करण्यात येते की, त्या दिवशी ठकूच्या हातून क्लच सुटला नव्हता. दोष वायरीच्या जुळणीत होता. जुळणी खाली सही करणारीने केली होती, आणि अपघातानंतर तो दोष तिनेच झाकला. तपासणी प्रत्यक्ष, साधन व्हर्निअर. हा दाखला कुणालाही दाखवता येईल.'

खाली सही आहे, पूर्ण, आणि तारीख. एक प्रत मावशीला टाकली, एक काकांच्या मुलाला. बाबांना टाकायची सोय नाही.

तू ये असं मी लिहीत नाही. ते लिहायचा हक्क मला आहे की नाही ते मला ठरवता येत नाही, आणि जे ठरवता येत नाही ते मी लिहीत नाही. स्कूटरची किल्ली खिळ्याला आहे, तिथेच, जिथे असायची.

सकाळी उठले की मी आधी खाली जाते. क्लचच्या दांड्याला बोट लावते. तो नुसताच हलतो, दोन मिलिमीटर, मग वायर ओढली जाते. पाना माझ्या हाताशी असतो. रोज मला तो सैलपणा खुपतो, रोज मी तो तसाच ठेवून वर येते.

मोजपट्टी